नव्या जन्माची तारीख मागणाऱ्या आमच्या पंच कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि पंच कमिटीतल्या सर्व वडील बंधुभगिनींनो,

सप्रेम सलाम.

नव्या जन्माची तारीख मागणाऱ्या फॉर्मबद्दलचं हे सगळं मी आधी साध्या अर्जात लिहून दिलं होतं. त्यावर "नोंद घेतली" एवढंच उत्तर आलं आणि पुढच्याच रविवारी उपासना संपल्यावर दारात उभं राहून फॉर्म वाटायला सुरुवात झाली. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, कारण हा प्रश्न माझ्या एकटीचा नाहीये आणि आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काय चाललंय हे इतर मंडळ्यांतल्या लोकांनीही वाचावं असं मला वाटतं, त्यांच्याकडेही उद्या असा फॉर्म येऊ शकतो.

ज्यांनी फॉर्म पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. एक पानी आहे. नाव, वय, बाप्तिस्म्याची तारीख, इथपर्यंत कुणाची काही तक्रार नाही. चौथा रकाना, "नवा जन्म झाल्याचा दिनांक व ठिकाण", म्हणजे माणूस मनापासून ख्रिस्ताकडे वळून आतून नवा झाला तो दिवस. पाचवा, "त्यापूर्वीचे जीवन (थोडक्यात)". सहावा, "त्यानंतर झालेला बदल". खाली सहीची जागा, आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात लिहिलंय की हा फॉर्म भरून, कमिटीपुढे तोंडी साक्ष देऊन मंजुरी मिळाल्याशिवाय कुणाला संडे स्कूल शिकवता येणार नाही, गायन मंडळात बसता येणार नाही, उपासनेत शास्त्रवाचन करता येणार नाही आणि यंदा दृढीकरणाला (स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याच्या विधीला) बसलेल्या मुलांना प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, मिळणार नाही. चौथा रकाना कोरा असला तर फॉर्म अपूर्ण धरला जाईल.

माझा चौथा रकाना कोरा आहे. त्यामुळे माझा वर्ग गेला.

आता आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण माझ्यामागे असं बोललं जातंय की ही बाई नवा जन्म मानत नाही. मानते. पूर्ण मानते. ख्रिस्ती घरात जन्मलं म्हणून कुणी ख्रिस्ती होत नाही हे मी लहानपणापासून ऐकलंय आणि ते खरं आहे, योहानाच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात लिहिलंय की देवाची मुलं रक्तापासून किंवा माणसाच्या इच्छेपासून जन्मत नाहीत, देवापासून जन्मतात. आजोबांचा विश्वास वारसाहक्काने मिळत नाही. आणि कमिटीला जी काळजी वाटते तीही मला कळते, नाताळ आणि ईस्टरला नवे कपडे घालून येणारी आणि मधले दहा महिने न दिसणारी माणसं, मंडळीच्या निवडणुकीपुरते जागे होणारे सभासद, घरात बायकोला मारून रविवारी पहिल्या बाकावर बसणारे. हे सगळं मलाही दिसतं. नुसत्या नावाचा विश्वास हा मोठा आजार आहे यात वादच नाही. पण ह्या आजारावर तुम्ही जे औषध काढलंय ते चुकीच्या माणसांना लागू पडतंय, आणि ज्यांच्यासाठी काढलंय त्यांच्यावर त्याचा शून्य परिणाम होणार आहे, कारण पहिल्या बाकावरच्या माणसाला तारीख लिहायला अर्धं मिनिटही लागत नाही.

माझं म्हणाल तर मला असा एकही दिवस आठवत नाही ज्या दिवशी येशू माझा प्रभू आहे हे मला खोटं वाटलं होतं. शंका आल्या, कॉलेजच्या काळात भरपूर आल्या, देवाशी भांडले, प्रार्थना बंद केली, परत सुरू केली. पापाची लाज वाटली, क्षमा मागितली, ती मिळाल्याचा आनंदही अनेकदा झाला. पण "ह्या तारखेच्या आधी मी मेलेली होते आणि ह्या तारखेला जिवंत झाले" अशी रेघ मला माझ्या आयुष्यात मारता येत नाही. मारली तर ते खोटं होईल, आणि खोटं बोलून संडे स्कूल शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं.

कमिटीपुढे मला विचारलं गेलं की "मग निकदेमाला प्रभू काय म्हणाला?" ठीक आहे, निकदेमाकडेच जाऊ. योहान तिसरा अध्याय. हा माणूस परुशी, यहूद्यांचा अधिकारी, शास्त्र कोळून प्यायलेला, रात्री येतो. प्रभू त्याला सांगतो, नव्याने जन्मल्यावाचून कोणालाही देवाचं राज्य पाहता येत नाही. आपल्याकडे कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे मोठ्या प्रवचन-मेळाव्यात, प्रवचन इथेच थांबतं आणि लगेच हात वर करायला सांगतात. पण प्रभू तिथे थांबलेला नाही ना! निकदेम विचारतो, म्हातारा माणूस परत आईच्या पोटात कसा जाणार, आणि त्यावर प्रभू पाणी आणि आत्मा यांच्याविषयी बोलतो आणि मग आठव्या वचनात म्हणतो की वारा पाहिजे तिकडे वाहतो, त्याचा आवाज तू ऐकतोस, पण तो कुठून येतो नि कुठे जातो हे तुला कळत नाही, आणि जो कोणी आत्म्यापासून जन्मलेला आहे त्याचं असंच आहे. असंच आहे! म्हणजे ज्या अध्यायाच्या आधारावर तुम्ही फॉर्म छापला, त्याच अध्यायात, त्याच संभाषणात प्रभूनेच सांगून ठेवलंय की हे कुठून आलं ते तुला सांगता येणार नाही. आणि आपण त्याचा दिनांक आणि ठिकाण विचारतोय.

बरं, त्या निकदेमाचं पुढे काय झालं? त्या रात्री तो गुडघ्यावर आला, रडला, साक्ष दिली, असं योहान काहीच लिहीत नाही. तो संभाषणातून हळूच गायब होतो. मग सातव्या अध्यायात सभेत सगळे येशूविरुद्ध बोलत असताना तो एकच वाक्य बोलतो, माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का, आणि लोक त्याला टोमणा मारतात. मग एकदम एकोणिसाव्या अध्यायात, बारा जणांपैकी बहुतेक पळून गेलेले असताना, हा गंधरस आणि अगरू यांचं शंभर रत्तल मिश्रण घेऊन दिवसाउजेडी मृतदेहाजवळ येतो. ह्या तीन ठिकाणांपैकी त्याचा नवा जन्म कुठे झाला? मला माहीत नाही. योहानालाही ते सांगावंसं वाटलं नाही. पण शंभर रत्तल सुगंधी द्रव्य आणणारा माणूस जिवंत झालेला होता हे कुणालाही दिसतं.

पेत्राचा फॉर्म भरून बघा, मी खरंच बसून प्रयत्न केला. तळ्याकाठी जाळी सोडली तो दिवस लिहायचा? का फिलिप्पाच्या कैसरियात "तू ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र आहेस" म्हणाला तो? त्यानंतर लगेच प्रभू त्याला "सैताना, माझ्यापुढून निघून जा" म्हणाला बरं का, म्हणजे कमिटीने ती साक्ष नापास केली असती. शेवटच्या भोजनाच्या रात्री तर प्रभू त्याला सांगतो की तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. इतका काळ मागोमाग चालून झाल्यावरही "वळलास म्हणजे"! मग अंगणातला नकार, कोंबडा, रडणं, मग तळ्याकाठचा नाश्ता आणि तीन वेळचा "माझ्यावर प्रीती करतोस काय", मग पन्नासाव्या दिवसाचा आत्मा. रकान्यात एकच ओळ आहे, ह्यातलं काय लिहू?

पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं तर आणखी अवघड. पौल त्याच्या आजीचं नाव घेतो, लोईस, आईचं नाव घेतो, युनीके, आणि म्हणतो की जो विश्वास आधी त्यांच्या ठायी होता तोच तुझ्यातही आहे, आणि बालपणापासूनच तुला पवित्र शास्त्राची माहिती आहे. तीमथ्याने "त्यापूर्वीचे जीवन" ह्या रकान्यात काय लिहायचं, आजीच्या मांडीवर बसलो होतो? बाप्तिस्मा करणारा योहान तर आईच्या पोटातच पवित्र आत्म्याने भरलेला होता असं लूक लिहितो. आणि बाविसाव्या स्तोत्रात गाणारा म्हणतो की आईच्या उदरात असल्यापासून तू माझा देव आहेस. ह्या सगळ्यांना आपल्या गायन मंडळात जागा नाही.

ज्यांचं एका क्षणात झालं तेही शास्त्रात आहेत, मी ते लपवत नाहीये. शौल, म्हणजे पुढचा पौल, दिमिष्काच्या वाटेवर पडला ते वाचून आजही अंगावर काटा येतो. पण प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात एकाच फिलिप्पै शहरात दोन माणसं आहेत बघा. तुरुंगाचा अधिकारी, भूकंप, तलवार उपसलेली, आत्महत्येच्या बेतात, "माझे तारण व्हावे म्हणून मला काय केले पाहिजे?" आणि त्याच अध्यायात थोडं आधी लुदिया, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी, नदीकाठी बायकांबरोबर बसून ऐकत होती आणि प्रभूने तिचं अंतःकरण उघडलं. बस. ना भूकंप ना रडारड. तिने घर उघडलं आणि म्हणाली माझ्याकडे येऊन राहा. पौलाने दोघांनाही बाप्तिस्मा दिला, लुदियाला परत पाठवून भूकंप घेऊन ये असं सांगितलं नाही.

आणि नवा जन्म ओळखायचा कसा, हा प्रश्न काही आपण पहिल्यांदा विचारत नाही. योहानाचं पहिलं पत्र जवळजवळ त्याच प्रश्नावर आहे. देवापासून जन्मलेला कोण? जो नीतीने चालतो तो. जो प्रीती करतो तो. येशू हा ख्रिस्त आहे असा विश्वास धरतो तो. आपण मरणातून जीवनात आलोय हे आपल्याला कशावरून ठाऊक आहे, तर आपण बंधूंवर प्रीती करतो त्यावरून. पाच अध्यायांच्या त्या पत्रात एकदाही तारीख विचारलेली नाही. पेत्र नव्या जन्मलेल्या बाळांबद्दल लिहितो तेव्हा दुधाची भूक धरा म्हणतो, आणि खरंच आहे, बाळ आपल्या जन्माची वेळ सांगत नाही, भूक लागली की रडतं, त्यावरून कळतं की जिवंत आहे.

हा प्रयोग आधी होऊन गेलाय हेही कमिटीला सांगायला हवं. सतराव्या शतकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला गेलेल्या प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या इंग्लिश प्रोटेस्टंट, लोकांनी हेच केलं होतं. देवाची कृपा माझ्यावर कशी झाली हे मंडळीपुढे सांगायचं, ते पटलं तरच पूर्ण सभासद. पहिली पिढी समुद्र ओलांडून आलेली, छळ सोसलेली, तिच्याकडे सांगायला होतं. पण त्यांची मुलं तिथेच वाढली, लहानपणी बाप्तिस्मा झालेला, रोज घरात प्रार्थना, सरळ चांगली माणसं, आणि त्यांना ती गोष्ट काही सांगता येईना. मग ते पूर्ण सभासद होईनात, मग त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यायचा की नाही हा प्रश्न आला, आणि १६६२ साली बॉस्टनमध्ये सगळ्या मंडळ्यांच्या सभेत मधला मार्ग काढावा लागला की मुलांना बाप्तिस्मा द्या पण आईबापांना प्रभुभोजन नाही आणि मंडळीत मतही नाही. त्याला लोक नंतर अर्धा करारच म्हणायला लागले. अर्धे ख्रिस्ती! देवाच्या घरात अर्धवट राहणारी पिढी त्यांनी स्वतःच्या नियमाने तयार केली, आणि तीही कुणाची, तर स्वतःच्या पोटच्या पोरांची.

त्याच मातीतला पुढचा मोठा उपदेशक जोनाथन एडवर्ड्स. त्याने तरुणपणी, १७२२ च्या डिसेंबरात, आपल्या डायरीत लिहून ठेवलंय की जाणकार लोक नव्या जन्माच्या ज्या पायऱ्या सांगतात त्या तशाच्या तशा मला अनुभवाला आलेल्या आठवत नाहीत, आणि त्यामुळे त्याला स्वतःविषयीच शंका येत होती. पुढे संजीवनाच्या, म्हणजे धार्मिक जागृतीच्या लाटेच्या, काळात शेकडो लोक रडताना, पडताना त्याने जवळून पाहिले आणि १७४६ च्या त्याच्या पुस्तकात हेच मांडलं की भावना किती जोरात आली किंवा कुठल्या क्रमाने आली ह्यावरून काही सिद्ध होत नाही, आयुष्यभराचं वागणं ही मुख्य खूण. हा माणूस काही ढिला नव्हता, प्रभुभोजनाला कोण यावं याबाबत तो इतका कडक झाला की १७५० साली त्याच्याच मंडळीने त्याला काढून टाकलं. एवढा कडक माणूससुद्धा क्रम आणि पायऱ्या यांवर भरवसा ठेवत नव्हता.

पाळकसाहेब, तुम्ही प्रवचनात मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचं उदाहरण नेहमी देता. २४ मे १७३८, लंडनमधली ऑल्डर्सगेट स्ट्रीट, रात्रीचे सुमारे पावणेनऊ, कुणीतरी लूथरने रोमकरांस पत्रावर लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं आणि वेस्लीचं हृदय उबदार झालं. तारीख आहे, वेळ आहे, पत्ता आहे, तुमच्या फॉर्मला अगदी फिट बसतं. पण पुढचंही सांगा ना. त्यानंतर वर्षही झालं नव्हतं तेव्हा, १७३९ च्या जानेवारीत, तोच वेस्ली आपल्या रोजनिशीत लिहितो की मी आता ख्रिस्ती नाही. आणि म्हातारपणी त्याने जुनी रोजनिशी पुन्हा छापली तेव्हा १७३८ च्या आधीच्या स्वतःबद्दल जे कठोर शब्द लिहिले होते त्यांना तळटिपा जोडल्या, की तेव्हाही माझ्याकडे विश्वास होता, पुत्राचा नसेल पण दासाचा होता. ज्याच्या तारखेवर आपण इतकं उभं केलंय त्याने स्वतःच ती तारीख पातळ केली.

आणि पंडिता रमाबाई. मराठी ख्रिस्ती माणसाला ह्यापेक्षा जवळचं नाव कुठलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. आणि पुढे त्यांनीच साक्षीत लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हे वाक्य तुमच्या बाजूचं आहे असं तुम्हाला वाटेल, आणि आहेही, बाप्तिस्मा झाला म्हणजे सगळं झालं असं नाही हे रमाबाई ठणकावून सांगतात. पण त्या मधल्या आठ वर्षांत बघा काय झालं, १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, टाकून दिलेल्या बालविधवांना जवळ घेतलं, शिकवलं. आपला फॉर्म तेव्हा असता तर कमिटीने सांगितलं असतं की बाई, चौथा रकाना भरा, तोवर मुलींना हात लावू नका.

हे झालं वाचलेलं. आता आपल्याच मंडळीत ह्या दोन-तीन महिन्यांत काय झालंय ते सांगते, कारण कमिटीच्या मीटिंगमध्ये हे पोचत नाही.

दृढीकरणाच्या वर्गातला एक मुलगा, वय पंधरा, शांत पोरगा, आजारी आजीला रोज वचन वाचून दाखवतो, माझ्याकडे फॉर्म घेऊन आला. पाचव्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "टीचर, यापूर्वीचं जीवन म्हणजे काय लिहू? मी काही केलंच नाहीये तसं." मग थोडं थांबून म्हणाला, "मोबाईल चोरला होता असं लिहू का? दादाने दारूचं लिहिलेलं, त्याचं लगेच झालं." मी त्याच्याकडे बघत राहिले. देवासमोर पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायला निघालेल्या पोराला आपण पहिली गोष्ट काय शिकवतोय तर खोटं पाप कबूल करायला. त्याच्याकडे खरं पाप नाही असं नाही, सगळ्यांकडे असतं, पंधराव्या वर्षी मत्सर असतो, आळस असतो, आईला उलट बोलणं असतं, पण ते रकान्यात बसत नाही कारण ऐकणाऱ्यांना त्यात मजा नाही. मुलांनी बरोबर ओळखलंय की कमिटीला गोष्ट हवीये. वर्गात आता एकमेकांना विचारतात, "तुझी स्टोरी काय?"

दुसरी गोष्ट एका भावाची, नाव घेत नाही, घेऊही नये. खरोखर व्यसनातून बाहेर आला होता, आम्ही सगळ्यांनी देवाची स्तुती केली. मग त्याला प्रत्येक कार्यक्रमात स्टेजवर उभं केलं, दर वेळी तीच साक्ष, आधी किती वाईट होतो आणि आता कसा पूर्ण बदललो. दोनदा पाय घसरला त्याचा. व्यसन सुटताना घसरणं होतंच, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. पण त्याने तर स्टेजवर "पूर्ण बदललो" सांगितलेलं होतं, आता तोंड कसं दाखवणार. उपासनेला यायचा बंद झाला. मी भेटायला गेले तेव्हा त्याची बायको म्हणाली, ते म्हणतात माझा नवा जन्म खोटा निघाला. बघा, ज्या दिवशी त्याला मंडळीची सर्वांत जास्त गरज होती त्याच दिवशी आपल्या साक्षीने त्याचं दार बंद केलं. पेत्र तीन वेळा घसरला होता, त्याला प्रभूने नाश्ता करून खाऊ घातला.

तिसरी गोष्ट माझ्या आईची. आयुष्यभर विश्वासात राहिलेली, दोन मुलं पुरलेली, तरी स्तोत्र म्हणत झोपणारी बाई. कन्व्हेन्शनमध्ये वक्त्याने विचारलं, ज्यांना आपल्या तारणाची तारीख माहीत नाही त्यांनी पुढे या, तुमचं तारण झालेलं नाही. ती काठी टेकत पुढे गेली. घरी येऊन मला विचारते, "इतकी वर्षं मी ज्याच्याशी बोलत होते तो मग कोण होता गं?" ह्या प्रश्नाचं उत्तर मला कमिटीकडून हवंय. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी, आणि तिच्या घरी जाऊन, तिला ऐकू येईल एवढ्या मोठ्या आवाजात.

आणखी एक, छोटंच. तोंडी साक्ष घेताना बायकांना जे प्रश्न विचारले गेले ते मी इथे लिहीत नाही, पण लग्नाआधीचं आयुष्य आणि नवऱ्याशी असलेले संबंध हा कमिटीचा विषय नाही. तिथे पाच पुरुष बसलेले होते.

तर माझ्या मागण्या सरळ आहेत. चौथा, पाचवा आणि सहावा रकाना फॉर्ममधून काढून टाका. कुणाला साक्ष द्यायची असेल त्याने आनंदाने द्यावी, मी पहिली टाळी वाजवीन, पण ती सेवेची किंवा प्रभुभोजनाची अट असू नये. दृढीकरणाच्या मुलांना विश्वासांगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि त्यांचा स्वतःचा साधा कबुलीजबाब एवढंच विचारा, जे आजवर विचारत आलोय. अठरा वर्षांखालच्या कुणालाही स्टेजवर उभं करून पापं सांगायला लावू नका. आतापर्यंत भरून घेतलेले फॉर्म ज्याचे त्याला परत द्या, त्यात लोकांनी काय काय लिहून दिलंय हे तुम्हाला माहीत आहे, ते कपाटात राहता कामा नयेत. बायकांशी बोलायचं असेल तर बायकांनीच बोलावं. आणि ज्याच्याविषयी खरोखर काळजी वाटते, की ह्याचा विश्वास नुसता नावाचा आहे, त्याच्या घरी जा. पाळकाने आणि एका पंचाने जाऊन बसावं, त्याच्या बायकोला विचारावं, शेजाऱ्याला विचारावं, कामाला ठेवलेल्या माणसाला पगार वेळेवर देतो का ते विचारावं. हे फॉर्मपेक्षा जास्त कष्टाचं काम आहे हे मला मान्य आहे, पण योहानाने सांगितलेल्या खुणा घरातच दिसतात.

त्या भावाच्या घरी सर्वांत आधी जा. ह्या आठवड्यात गेलात तर बरं.

आणि नव्या जन्मावर एक पूर्ण प्रवचनमाला घ्या, अशी विनंती. यहेज्केलाच्या छत्तिसाव्या अध्यायापासून, जिथे देव म्हणतो की मीच तुमचं दगडाचं हृदय काढून मांसाचं देईन. त्या वचनात सगळी क्रियापदं देवाची आहेत, ती लोकांना नीट ऐकू द्या. मग तीताला लिहिलेल्या पत्रातलं नव्या जन्माचं स्नान, मग योहान तीन, आठव्या वचनासकट. वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांत यावर मतभेद आहेत हेही सांगा, कुणी म्हणतं बाप्तिस्म्यातच नवा जन्म होतो, कुणी म्हणतं विश्वास धरला त्या क्षणी, कुणी म्हणतं आत्मा आधी काम करतो आणि माणसाला नंतर कळतं. मंडळी मोठी आहे, लोकांना हे झेपतं. मी पहिल्या बाकावर बसून ऐकीन आणि पटलं नाही तर नंतर येऊन सांगीन.

उत्तर लेखी द्यावं आणि येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. सभेत मी बोलणार आहे, अजूनही काही सभासद बोलणार आहेत, ज्यांनी फॉर्म भरलेत तेसुद्धा. आम्ही कुणी मंडळी सोडून जात नाहीये आणि वेगळी उपासनाही सुरू करत नाहीये, तशी अफवा कुणी उठवली असेल तर ती खोटी आहे.

तोपर्यंत छोट्यांच्या वर्गाचं काय करायचं तेवढं कळवा. दोन रविवार त्यांना कुणी शिक्षक नाही, पोरं व्हरांड्यात खेळत बसतात. जक्कयाचा धडा अर्धा राहिलाय, तो झाडावर चढला इथपर्यंत झालंय. हजेरीवही आणि खडूंची डबी माझ्याकडे आहे, कुणाकडे द्यायची?

ख्रिस्तामध्ये आपली,
मंडळीतली एक सभासद